काम येतं पण कागद नाही? आरपीएलच्या असेसमेंटला असं सामोरं जा

वीस वर्षं गवंडीकाम केलेल्या माणसाला ‘गवंडीकाम येतं का ते दाखवा’ म्हटलं की तो आधी चिडतो. ‘अहो, अर्धी आळी मी बांधलीय!’ राग रास्त आहे. पण समोरच्या असेसरने, म्हणजे काम तपासून मार्क देणाऱ्याने, ती आळी बांधताना पाहिलेली नसते आणि त्याला ऐकीव गोष्टीवर मार्क देता येत नाहीत. त्याच्या हातात एक यादी असते. तिच्यातली प्रत्येक गोष्ट त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसावी लागते किंवा तुमच्या तोंडून ऐकू यावी लागते. मी बांधकामाच्या बॅचेसचं असेसमेंट करतो. काम उत्तम येत असूनही कमी मार्क घेऊन जाणारी माणसं मी पाहतो आणि त्यातल्या बहुतेकांना त्या यादीत काय लिहिलंय हे कोणी सांगितलेलंच नसतं. ते सांगण्यासाठी हा लेख. उदाहरणं गवंडीकामाची असली तरी शिंपी, ब्युटिशियन, प्लंबर, एसी मेकॅनिक, रुग्णसेवक यांनाही मार्ग तोच आहे.

आरपीएल (रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग) म्हणजे पूर्वी शिकलेल्या कामाला मिळणारी मान्यता. तुम्ही काम कुठे शिकलात, वडिलांच्या हाताखाली की ठेकेदाराच्या साइटवर, हे इथे कोणी विचारत नाही. ठरलेल्या मानकाप्रमाणे काम येतं का एवढंच तपासतात आणि आलं तर प्रमाणपत्र देतात. या सगळ्याच्या मुळाशी २७ डिसेंबर २०१३ रोजी अधिसूचित झालेला राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आहे, ज्याला सगळे एनएसक्यूएफ म्हणतात. प्रमाणपत्र देणाऱ्या आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थांवर देखरेख ठेवते एनसीव्हीईटी ही परिषद. तिची अधिसूचना २०१८ ची, प्रत्यक्ष काम ऑगस्ट २०२० पासून. बहुतेक लोकांना आरपीएल माहीत झालं ते १५ जुलै २०१५ ला सुरू झालेल्या पंतप्रधान कौशल्य विकास योजनेमुळे (पीएमकेव्हीवाय).

हा कागद नेमका कशासाठी हवाय?

आधी याचं उत्तर शोधा. चुकीच्या कागदासाठी दोन-तीन दिवसांची मजुरी बुडवणारे पुष्कळ आहेत.

आरपीएलचं प्रमाणपत्र म्हणजे आयटीआय नव्हे. सरकारी भरतीच्या जाहिरातीत ‘आयटीआय उत्तीर्ण’ किंवा राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मागितलं असेल तर तिथे आरपीएल दाखवून उपयोग होईलच असं नाही. तशी नोकरी डोळ्यांसमोर असेल तर जवळच्या आयटीआयमध्ये जाऊन अनुभवाच्या जोरावर खासगी उमेदवार म्हणून अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसता येतं का, त्याच्या सध्याच्या अटी काय, ते विचारा. वय कमी असेल तर शिकाऊ उमेदवारीचा रस्ताही आहे.

दुसरा गोंधळ परवान्याचा. इमारतीत वायरिंग करायला राज्याचा वायरमन परवाना लागतो, बॉयलर चालवायला बाष्पके संचालनालयाचं प्रमाणपत्र लागतं, गाडी चालवायला आरटीओचं लायसन्स. कौशल्याचं प्रमाणपत्र या कशाचीही जागा घेत नाही. ‘हे घेतलंत की परवान्याची गरज नाही’ असं कोणी सांगत असेल तर तो एकतर अडाणी आहे किंवा फसवतोय.

तिसरा गोंधळ बांधकाम कामगारांच्या बाबतीत रोजचा. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी वेगळी, कौशल्याचं प्रमाणपत्र वेगळं. मंडळाच्या नोंदणीला गेल्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो, त्यात तुमचं कसब कोणी तपासत नाही. तो दाखला मात्र जपून ठेवा, अनुभवाचा पुरावा म्हणून पुढे कामी येतो.

सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, शिंपी, चांभार, परीट, गवंडी अशा अठरा व्यवसायांसाठी सप्टेंबर २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे. तिच्यात पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर आणि ५ टक्के व्याजाने कर्ज मिळतं. स्वतःचा धंदा उभा करायचा असेल, हाताखाली कोणी नसेल, तर माझ्या मते आधी ती योजना पाहावी. कंपनीत, मोठ्या ठेकेदाराकडे किंवा परदेशात जायचं असेल तर आरपीएल अधिक उपयोगाचं. परदेशाच्या बाबतीतही एक पुस्ती जोडतो. सौदी अरेबियात काही व्यवसायांसाठी निघण्याआधी भारतातच त्यांची वेगळी कौशल्य पडताळणी परीक्षा द्यावी लागते. आपलं प्रमाणपत्र त्या परीक्षेच्या तयारीला मदत करतं, त्या परीक्षेतून सूट देत नाही.

जॉब रोल निवडणं

‘मी बांधकामात आहे’ एवढं सांगून भागत नाही. यंत्रणा जॉब रोलची भाषा बोलते: असिस्टंट मेसन, मेसन जनरल, बार बेंडर, शटरिंग कारपेंटर, पेंटर. प्रत्येकाची पातळी ठरलेली आहे. आराखड्यात आधी १० पातळ्या होत्या, २०२३ च्या सुधारणेनंतर ८ झाल्या आणि मध्ये अडीच, साडेतीन अशा अर्ध्या पायऱ्या आल्या. सांगितलेलं काम करणारा खालच्या पातळीवर, स्वतःच्या कामाची जबाबदारी घेणारा त्याच्या वर, दुसऱ्यांकडून काम करून घेणारा आणखी वर, अशी साधारण चढण आहे.

इथे दोन उलट्या चुका होतात. हाताखाली चार माणसं असलेला मिस्त्री संकोचाने असिस्टंटचा फॉर्म भरतो, आणि दोन वर्षं माल कालवलेला पोरगा मित्राच्या नादाने वरच्या पातळीवर नाव घालतो. पहिल्याला प्रमाणपत्र मिळतं पण त्याच्या कामाच्या मानाने ते खालचं असतं. दुसरा ड्रॉइंग हातात आल्यावरच गळपटतो. स्वतःला एकच प्रश्न विचारा: उद्या साइटवर एकट्याला सोडलं आणि विचारायला कोणी नसेल, तर कुठलं काम मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुरं करीन? जो रोल त्या कामाशी जुळतो तो तुमचा.

क्यूपी वाचा, नाहीतर कोणाकडून वाचून घ्या

प्रत्येक जॉब रोलची एक पुस्तिका असते, क्वालिफिकेशन पॅक, बोलण्यात ‘क्यूपी’. नॅशनल क्वालिफिकेशन रजिस्टरच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळते. बहुतेक वेळा इंग्रजीत असते, ही या व्यवस्थेची मोठी उणीव आहे: ज्यांच्यासाठी ती लिहिली त्यांच्यातल्या बहुतेकांना ती वाचता येत नाही. घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला अर्धा तास समोर बसवा.

पुस्तिका लांबलचक दिसते, पण तुम्हाला चारच गोष्टी शोधायच्या आहेत. पहिली, प्रवेशाची अट: किती शिक्षण आणि किती वर्षांचा अनुभव. तिथे सहसा पर्याय दिलेले असतात, शाळा कमी तर अनुभव जास्त. दुसरी, पुस्तिकेची मुदत. प्रत्येक क्यूपीला पुनरावलोकनाची तारीख असते आणि मुदत संपलेल्या पुस्तिकेवर बॅच चालत नाही. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. क्यूपी एनओएस नावाच्या तुकड्यांत विभागलेला असतो आणि एनओएस म्हणजे कामाचा एकेक भाग: विटांचं बांधकाम एक, प्लास्टर एक, साइटवरची सुरक्षितता एक, सहकाऱ्यांबरोबर काम करणं एक. प्रत्येक एनओएसखाली ‘पीसी’ असं लिहून क्रमांक टाकलेली वाक्यं असतात. असेसरच्या हातातली यादी ती हीच.

चौथी गोष्ट शेवटच्या पानांवरचा मार्कांचा तक्ता. कुठल्या पीसीला लेखीचे किती, प्रात्यक्षिकाचे किती, तोंडीचे किती मार्क, सगळं तिथे छापलेलं असतं. पास व्हायला किमान किती टक्के लागतात तेही तिथेच. बऱ्याच क्यूपींमध्ये ७० टक्के असतात, पण सगळीकडे सारखे नसतात, तेव्हा आपला आकडा आपण पाहावा.

आता या वाक्यांशेजारी पेन्सिलीने खुणा करा. रोज करतो त्याला बरोबर. येतं पण कधीमधी करतो त्याला टिंब. कधीच केलं नाही त्याला फुली. मुरलेल्या मिस्त्रींच्या फुल्या जवळजवळ नेहमी त्याच जागी पडतात: ड्रॉइंग वाचणं, मालाचा अंदाज कागदावर काढणं, हेल्मेट-बूट, काम संपल्यावरची आवराआवर, आणि वरिष्ठाला अडचण कळवणं. हाताच्या कामात फुली क्वचितच. म्हणजे तयारी कशाची करायची हे तुमचं तुम्हालाच कळलं.

नोंदणी

यात फार काही नाही. स्किल इंडिया डिजिटल हब या पोर्टलवर किंवा त्याच्या ॲपवर आधारने नोंदणी होते, प्रशिक्षण सेंटरवाले मदत करतात. पीएमकेव्हीवाय ४.० मध्ये आरपीएलसाठी १८ ते ५९ वर्षांची मर्यादा ठेवली होती. योजनांचे टप्पे आणि नियम बदलत राहतात, म्हणून तुमच्या वेळी कुठली योजना चालू आहे ते जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात विचारून घ्या.

तीन गोष्टींकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. आधारवरचं नाव हवं तसं आहे ना, कारण प्रमाणपत्रावर तेच छापून येतं. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, ओटीपी त्यावरच येतो. आणि परीक्षेची भाषा मराठी निवडली आहे ना. सेंटरवर घाईत हिंदी किंवा इंग्रजी टाकून मोकळे होतात आणि मग टॅबवर ‘मॉर्टार’, ‘क्युअरिंग’ वाचताना आपला मिस्त्री अडकतो. पीएमकेव्हीवायमधून बॅच असेल तर उमेदवाराने पैसे द्यायचे नसतात. कोणी ‘फाइल चार्ज’ मागितला तर पावती मागा, पुढचं संभाषण आपोआप बदलतं.

पुराव्यांची फाइल

सगळ्याच बॅचेसमध्ये कामाचे पुरावे मागत नाहीत, पण ते ठेवावेत. पूर्वतपासणीच्या वेळी अनुभव विचारतात तेव्हा फाइल पुढे करणाऱ्याचं बोलणं आखूड होतं. ठेकेदाराचं पत्र, मजुरीची नोंद, मंडळाचा ९० दिवसांचा दाखला, कामाचे फोटो.

फोटोंबद्दल थोडं सविस्तर सांगतो. लोक तयार बंगल्यासमोर उभं राहून काढलेला फोटो आणतात. त्यावरून बंगला कोणाचा तेही कळत नाही आणि बांधला कोणी तेही नाही. चालू कामाचा फोटो हवा: तुम्ही ओळंबा धरलाय, दोरी ताणलेली दिसतेय, अर्धी भिंत वर आलीय. पुरावा तपासताना चार प्रश्न विचारायचे असतात: हा याच कामाशी लागू आहे का, हा याच माणसाचा आहे का, अलीकडचा आहे का, आणि पुरेसा आहे का. ही कसोटी ब्रिटनच्या एनव्हीक्यू पद्धतीत चांगली घोटली गेली. तिथे १९८६ पासून नोकरीच्या जागीच काम पाहून पात्रता देण्याची व्यवस्था उभी राहिली आणि त्यात टक्केवारी नव्हतीच. निकाल दोनच: ‘सक्षम’ किंवा ‘अजून सक्षम नाही’. मला स्वतःला ती भाषा जास्त सरळ वाटते. ७१ टक्के गवंडी म्हणजे नेमका कसा गवंडी, हे घरमालकाला कोण समजावणार? पण आपल्याकडे टक्के आहेत आणि तुम्हाला त्यांतूनच जायचंय.

ओरिएंटेशन बुडवू नका

पीएमकेव्हीवायच्या दुसऱ्या टप्प्यात हे ओरिएंटेशन १२ तासांचं होतं: ६ तास विषयाचे, ४ तास वागण्या-बोलण्याचे आणि उद्योजकतेचे, २ तास परीक्षेच्या ओळखीचे. ज्यांच्यात मोठी उणीव दिसेल त्यांच्यासाठी वेगळा ब्रिज कोर्स. आता तासांची मांडणी योजनेप्रमाणे वेगळी असू शकते. कसलेले लोक ‘आम्हाला काय शिकवणार’ म्हणून सही करून चहाला जातात. जाऊ नका, निदान परीक्षेच्या ओळखीचा भाग तरी सोडू नका. टॅब कसा हाताळायचा, उत्तर कसं बदलायचं, पुढच्या प्रश्नावर कसं जायचं हे तिथे दाखवतात. पेन्सिलीने फुल्या केलेली यादी बरोबर न्या आणि शिकवणाऱ्याला त्यातलंच विचारा.

असेसमेंटचा दिवस

असेसर बाहेरचा असतो. ज्याने शिकवलं त्यानेच तपासायचं नाही हा या पद्धतीचा कणा आहे. सेंटरचा माणूस ‘असेसर आपलाच आहे, काळजी करू नका’ म्हणाला तर काळजी करायला लागा. तुमची हजेरी, फोटो, कामाचं चित्रीकरण होईल. कॅमेऱ्याला बुजू नका, उद्या निकालावर वाद झाला तर तेच तुमच्या बाजूने उभं राहतं.

लेखी परीक्षा पर्यायी उत्तरांची असते. प्रश्न शेवटपर्यंत वाचा, ‘यांपैकी कोणते चूक आहे’ असे प्रश्न मुद्दाम घातलेले असतात. एवढं पुरे.

खरं तोलायचं काम प्रात्यक्षिकात होतं. समजा कामाचं स्वरूप असं आहे: दिलेल्या ड्रॉइंगप्रमाणे एक वीट जाडीची, एका कोपऱ्याची भिंत इंग्लिश बाँडमध्ये, म्हणजे विटांची एका थरात लांब आणि दुसऱ्यात अरुंद बाजू दर्शनी ठेवून, काही थर उचलायची. घंटा वाजली की बहुतेक जण थेट विटांकडे धावतात आणि इथेच पहिले मार्क जातात. हेल्मेट, बूट, हातमोजे घातले का? ड्रॉइंग पाहिलं का? अवजारं मोजून जवळ घेतली का? थापी, ओळंबा, गुण्या, दोरी, स्पिरिट लेव्हल, टेप. ही सगळी पीसीमधली वाक्यं आहेत आणि एकही वीट न उचलता त्यांचे मार्क मिळतात.

मग विटा. त्या भिजल्यात का हे बघून घ्या, आणि बघताय हे दिसू द्या. सवयीचा मिस्त्री नुसत्या स्पर्शाने ओळखतो, पण तो स्पर्श असेसरला दिसत नाही. एक वीट उचलून पाण्यात धरा, बुडबुडे येतायत का पाहा, येत असतील तर बाजूला ठेवा. माल १:६ (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) सांगितला असेल तर घमेल्याने मोजून घ्या, फावड्याच्या अंदाजाने नको. पाणी घातल्यावर अर्ध्या तासात संपेल एवढाच माल कालवा. सुकत आलेल्या मालात पुन्हा पाणी मारून तो ‘जिवंत’ करणं साइटवर सर्रास चालतं, असेसमेंटमध्ये ते सरळ मार्क कापतं, आणि कापायलाच हवेत, कारण त्या मालाची ताकद गेलेली असते.

पहिला थर कोरडा मांडून बघा. कोपऱ्यावर हेडर (अरुंद बाजू दर्शनी असलेली वीट) आला की त्याच्याशेजारी क्वीन क्लोजर, म्हणजे लांबीच्या दिशेने उभी चिरलेली अर्धी वीट, बसलीच पाहिजे. ती विसरली की वरच्या थराचे उभे सांधे खालच्या सांध्यांवर येतात आणि भिंतीचा बाँड मोडतो. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त मार्क खाणारी जागा ही. ज्यांनी बहुतेक आयुष्य अर्ध्या विटेच्या पडद्या उचलण्यात घालवलं त्यांना क्लोजरची सवय राहिलेली नसते. आठवडाभर आधी साइटवर जेवणाच्या सुट्टीत कोरड्या विटांनी दोन थर मांडून बघितले तरी ही जागा पक्की होते.

विटेची खाच वर, सांधा १० मिलिमीटरच्या आसपास, माल उभ्या सांध्यातही पूर्ण भरलेला. दर थराला लेव्हल लावा, कोपऱ्यावर ओळंबा सोडा. तीन मीटर उंचीत सहा मिलिमीटरपेक्षा जास्त कल चालत नाही, मग तुमच्या गुडघाभर भिंतीत किती चालेल याचा हिशोब करा. भिंत वाकडी दिसली तर? काढा आणि परत बांधा. स्वतःची चूक स्वतः ओळखून दुरुस्त करणं हीसुद्धा बऱ्याच क्यूपींमध्ये मार्कांची गोष्ट आहे. वेळ संपत आलाय म्हणून दोन थर कमी बांधून भिंत सरळ ठेवणारा माणूस, घाईत सगळे थर पुरे करून पोट काढलेली भिंत उभी करणाऱ्यापेक्षा बहुधा पुढे राहतो. आणि शेवटी सांधे साफ करा, सांडलेला माल उचला, अवजारं धुऊन ठेवा. तुम्ही थकलेले असता, नेमके त्याच वेळी हे मार्क वाटले जात असतात.

असेसर तुम्हाला ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणणार नाही. तो गप्प आहे म्हणजे रागावलाय असं नाही. त्याला इशारा द्यायची मनाई आहे.

तोंडी परीक्षा बऱ्याचदा काम चालू असतानाच उरकतात. एका बॅचमधलं संभाषण साधारण असं होतं:

‘मिस्त्री, ही वीट बाजूला का टाकलीत?’

‘कोरडी हाय साहेब.’

‘कोरडी असली तर काय होतं?’

‘चालत नाही ती.’

‘का चालत नाही?’

इथे मिस्त्री थांबला. त्याला माहीत नव्हतं असं नाही. इतक्या वर्षांत हा ‘का’ त्याला कोणी विचारलाच नव्हता. जरा वेळाने म्हणाला, ‘मालातलं पाणी पिऊन टाकते ना. मग माल भुसभुशीत राहतो, वीट पकडत नाही.’ पूर्ण मार्क. पुस्तकी शब्द एकही नव्हता आणि लागतही नाही.

तेव्हा आठ-दहा दिवस आधी घरी कोणाला तरी समोर बसवून असे ‘का’ विचारायला लावा. पाणी सात दिवस तरी का मारायचं? एका दिवसात भिंत फार उंच का उचलायची नाही? पहाडावर, म्हणजे परांचीवर, चढताना दोर का लावायचा? बायको, मुलगा, हाताखालचा पोरगा, कोणीही चालेल. ज्याला कामातलं काही कळत नाही तो उलट बरा, तो खरोखरच विचारत राहतो.

इतर व्यवसायांत

ब्युटिशियनच्या असेसमेंटमध्ये हात चालण्याआधी तोंड चालावं लागतं. समोरच्या बाईला कसली ॲलर्जी आहे का, आधी काही लावून त्रास झाला होता का, हे विचारलं नाही किंवा ब्लीच, हेअर कलरच्या आधी पॅच टेस्ट केली नाही, तर पुढचं काम कितीही सफाईचं असो, मार्क गेलेले असतात. अवजारं निर्जंतुक केली हे सांगू नका, तिथे करून दाखवा. शिंपीकामात मापं तोंडी लक्षात ठेवणाऱ्यांची पंचाईत होते, मापं वहीत लिहा. कापड कापण्याआधी उभा-आडवा धागा बघा, शिवणीसाठी जागा किती सोडली ते विचारलं तर सांगता आलं पाहिजे, आणि मशीनचा दोरा ओवताना पाय पायडलवर नको. रुग्णसेवकांनी हात धुण्यापासून सुरुवात करावी आणि रुग्णाला हलवण्याआधी ‘आजोबा, आता तुम्हाला कुशीवर वळवतो हां’ असं त्याला सांगावं. समोर झोपलेला माणूस खोटा रुग्ण असला तरी. विशेषतः तेव्हाच.

निकाल आणि पुढे

निकाल पोर्टलवर येतो. पास झालात तर प्रमाणपत्र ऑनलाइन मिळतं, त्यावर क्यूआर कोड असतो आणि डिजिलॉकरमध्येही ठेवता येतं. मिळालं की लगेच क्यूआर स्कॅन करून बघा, तुमचंच नाव आणि तोच जॉब रोल उघडतो का. नाव चुकलं असेल तर सेंटरला तेव्हाच लेखी कळवा. वर्षभराने नोकरीच्या वेळी दुरुस्ती करायला गेलात तर तोवर सेंटरच बंद झालेलं असू शकतं.

नापास झालात तर आधी विचारा, कुठल्या एनओएसमध्ये कमी पडलो. ‘सगळ्यातच कमी’ असं उत्तर स्वीकारू नका, मार्क एनओएसप्रमाणे दिलेले असतात. फेरपरीक्षेची सोय योजनेप्रमाणे आहे का, किती दिवसांत, त्याचे पैसे कोण भरणार, हे सेंटरला लेखी विचारा. तपासणी अन्यायाची वाटली तर तक्रार सेंटरकडे नव्हे, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे जाते. बांधकामाच्या बाबतीत ती बांधकाम क्षेत्राची सेक्टर स्किल कौन्सिल. तक्रारीत ‘असेसरने मुद्दाम केलं’ असं लिहिण्यापेक्षा ‘अमुक पीसीचं काम मी केलं, चित्रीकरणात आहे, मार्क दिलेले नाहीत’ असं लिहा. पहिल्या वाक्यावर कोणी काही करू शकत नाही, दुसरं तपासावं लागतं.

प्रमाणपत्राने दुसऱ्या दिवशी मजुरी वाढते असं मी सांगणार नाही. छोट्या ठेकेदाराला त्याचं काही पडलेलं नसतं. फरक पडतो तो मोठ्या कंपनीच्या गेटवर, जिथे कुशल आणि अकुशल अशा दोन रांगा असतात, आणि कुशलच्या रांगेत उभं राहायला कागद मागतात. दुसरा फरक शिक्षणात. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात ३० तासांच्या शिक्षणाला एक क्रेडिट धरलंय आणि अनुभवातून आलेल्या कौशल्यालाही त्यात जागा ठेवलीय. त्यामुळे वरच्या पातळीचा जॉब रोल किंवा पुढचा अभ्यासक्रम घेताना हे प्रमाणपत्र जोडता येतं. सुपरवायझर व्हायचं मनात असेल तर त्या रोलची पुस्तिका आत्ताच काढून बघा, तिथे अनुभवाची वर्षं कधीपासून मोजतात ते लिहिलेलं असतं, आणि आजच्या प्रमाणपत्रावरची तारीख तिथे उपयोगी पडू शकते.